ऑनलाइन शिकवणीची कंपनी नियम वाकवते तेव्हा: तास, कागद आणि पैसे कसे सांभाळायचे

ऑनलाइन शिकवणीच्या अनेक कंपन्यांचा घोळ एकाच जागी असतो. शिस्तीचा प्रश्न आला की शिक्षक 'आमचा माणूस': ठरल्या वेळी लॉगिन करा, रजेला परवानगी घ्या, टार्गेट पूर्ण करा. पैशांचा प्रश्न आला की तोच शिक्षक 'फ्रीलान्सर': पीएफ नाही, भरपगारी रजा नाही, डेमो (नव्या पालकांना दाखवायचा नमुना वर्ग) फुकट. म्हणून रुजू होण्याआधी एकच गोष्ट लेखी मिळवा, ती म्हणजे तुम्ही पगारी नोकर आहात की करारावरचे व्यावसायिक.

फोनवर एचआर काय बोलतो याला काडीची किंमत नाही. कागदाचं नाव 'नियुक्तीपत्र' आहे की 'सर्व्हिस ॲग्रीमेंट', पगाराची स्लिप मिळणार की तुम्ही इनव्हॉइस पाठवायचं, टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा प्राप्तिकर) कुठल्या नावाने कापणार, हे तीन प्रश्न ईमेलने विचारा. वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर गेल्यावर सरसकट १० टक्के कापले जात असतील, तर तुम्हाला व्यावसायिक धरलं आहे. पगार धरला असेल तर कपात तुमच्या एकूण वार्षिक उत्पन्नावरून ठरते.

आता दराचं बघू. जाहिरातीतला 'ताशी' दर हा फक्त वर्गातल्या तासाचा असतो. समजा ६० मिनिटांच्या वर्गाला २५० रुपये मिळतात. आधी १० मिनिटं लॉगिन करून थांबायचं आणि नंतर १५ मिनिटं फीडबॅक फॉर्म भरायचा, म्हणजे कामाची ८५ मिनिटं झाली. खरा दर ताशी १७६ रुपयांवर आला. त्यात सहा वर्गांमागे ४५ मिनिटांचे दोन फुकट डेमो धरा. ५१० अधिक ९०, एकूण ६०० मिनिटं, म्हणजे दहा तास. हातात १,५०० रुपये. ताशी १५०. सही करण्याआधी हा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी मांडा आणि मुलगा वर्गाला आलाच नाही तर किती मिळणार, तेही विचारा. बहुतेक भांडणं तिथेच सुरू होतात. शिक्षक अर्धा तास स्क्रीनसमोर बसून राहतो आणि पोर्टलवर त्या वर्गापुढे 'रद्द' उमटतं.

करारातली चार कलमं नीट वाचा.

पहिलं, अनामत रक्कम आणि मूळ प्रमाणपत्रं. दोन्ही देऊ नका. पडताळणीसाठी मूळ कागद दाखवा, ठेवायला साक्षांकित झेरॉक्स द्या.

दुसरं, बाँड, म्हणजे ठरल्या मुदतीआधी सोडलं तर ठरलेली रक्कम भरण्याची अट. 'बाँड कोर्टात टिकत नाही' हे अर्धवट ज्ञान आहे. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. मात्र भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मिळते ती वाजवी भरपाई, आणि करारात लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. आठवड्याचं ट्रेनिंग झूमवर देऊन लाखभर मागणाऱ्या कंपनीला तो आकडा कुठून आला हे सांगावं लागेल.

तिसरं, 'सोडल्यावर दोन वर्षं दुसऱ्या क्लासमध्ये शिकवायचं नाही'. नोकरी संपल्यानंतरचं असं बंधन त्याच कायद्याच्या कलम २७ खाली निरर्थक ठरतं. कंपनीचे विद्यार्थी फोडणं किंवा त्यांचं साहित्य वापरणं ही गोष्ट मात्र वेगळी, तिथे अडकाल.

चौथं, दंड. वर्ग चुकला की तिप्पट कपात, पालकाने फी परत मागितली की तुमच्या मानधनातून वसुली. पगारी कर्मचाऱ्यासाठी वेतन संहितेत एका वेतनकाळातल्या दंडाची मर्यादा वेतनाच्या ३ टक्के आहे. २०,००० वर ६०० रुपये झाले. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. राजीनामा दिला किंवा काढून टाकलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा, असंही तीच सांगते.

इथे एक अडचण आधीच माहीत असू द्या. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये म्हटलं की शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातला 'कामगार' नाही. तुम्हाला कामगार कायद्याचं संरक्षणच नाही, असं म्हणत कंपनीचे वकील हा निकाल पुढे करतात. म्हणून दिवसभरात खरोखर काय काम करता याची नोंद ठेवा. पद 'टीचर' असलं आणि निम्मा दिवस पालकांना विक्रीचे फोन करण्यात आणि एक्सेल भरण्यात जात असेल, तर ती नोंद तुमच्या बाजूने बोलते.

नोंद कशी ठेवायची? साधी वही किंवा गूगल शीट पुरे. तारीख, वर्गाचा क्रमांक, लॉगिन, सुरुवात, शेवट, फीडबॅक संपल्याची वेळ, आणि वर्ग रद्द झाला असेल तर कोणी केला. दर रविवारी पोर्टलवरच्या वेळापत्रकाचा स्क्रीनशॉट घ्या. राजीनाम्याचा मेल गेला की तासाभरात लॉगिन बंद होऊ शकतं, नंतर हात चोळत बसावं लागतं. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या सूचना एक्सपोर्ट करा आणि मूळ फोन जपून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, ते देताना मूळ उपकरण हाताशी असलेलं बरं. तोंडी आदेश आला की त्याच दिवशी मेल टाका: 'आज दुपारी फोनवर सांगितल्याप्रमाणे शनिवारचे तीन डेमो विनामोबदला घ्यायचे आहेत, हे बरोबर आहे ना?' उत्तर नाही आलं तरी तुमच्या मेलवर तारीख पडलेली असते. मुलांची नावं, पालकांचे नंबर आणि कंपनीची प्रश्नपेढी मात्र स्वतःच्या ड्राइव्हवर घेऊ नका. तुमची बाजू खरी असूनही त्याने उलटी केस ओढवते.

काही कामांना स्पष्ट नकारच द्यायचा. डेमोमध्ये हुशार मुलाला 'गणितात कच्चा' ठरवणं, नसलेली पदवी आपल्या प्रोफाइलवर चालू देणं, हप्त्यांची फी हे कर्ज आहे ही गोष्ट पालकांपासून लपवणं. शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच पालकांना अशा कर्जांबद्दल आणि खात्यातून आपोआप होणाऱ्या कपातीबद्दल सावध केलं होतं. शिक्षकांच्या पात्रतेबद्दल खोटे दावे करायला नोव्हेंबर २०२४ च्या कोचिंग जाहिरातींच्या मार्गदर्शक तत्त्वांत बंदी आहे. चेहरा आणि आवाज तुमचा असतो. घर चालवायला काढलेले पैसे हप्त्यांत घालणारी आई तुमच्यावर भरवसा ठेवून सही करते. परदेशी विद्यार्थ्यांचे 'होमवर्क हेल्प' प्रकल्पही तपासा. गुणांसाठी द्यायची असाइनमेंट पैसे घेऊन लिहून देण्याची सेवा इंग्लंडमध्ये २०२२ पासून गुन्हा आहे, ऑस्ट्रेलियातही कायद्याने बंदी आहे.

पैसे अडकले तर दोन वाटा आहेत, आणि त्या एकत्र चालत नाहीत. तुम्ही पगारी असाल तर आधी हिशेबाचा तक्ता जोडून मेल, मग सात दिवसांची मुदत देणारी नोटीस स्पीड पोस्टाने, मग जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. व्यावसायिक म्हणूनच काम करायचं ठरवलं असेल तर उद्यम नोंदणी (छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) करा. ती आधार-पॅनवर फुकट होते. मग लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडची थकबाकी सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याखाली मागता येते, तीही रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाने. नोंदणी कामाआधी हवी, नंतर केली तर वाद होतो. आणि ती केली की 'मी नोकरच होतो' हा दावा कमजोर पडतो, म्हणून विचार करून निवडा.

कापलेला टीडीएस भरला जात नाही, हेही होतं. कंपनीची तिमाही विवरणपत्रं ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे पर्यंत जातात. त्यानंतर पंधरा दिवसांनी प्राप्तिकराच्या पोर्टलवर आपल्या नावावर रक्कम दिसते का ते बघा.

पीएफचंही तसंच. स्लिपवर कपात दिसली तर पुढच्या महिन्याच्या १५ तारखेनंतर उमंग ॲपवर पासबुक उघडा. 'सीटीसी'मध्ये (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च) पीएफमधला कंपनीचा हिस्सा मिळवून आकडा फुगवला आहे का, तेही तिथेच कळतं. नोकरी सोडल्यावर सोडल्याची तारीख भरायला कंपनीने टाळाटाळ केली, तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी पीएफच्या सदस्य पोर्टलवर ती तुम्हाला स्वतः भरता येते. त्यासाठी आधारशी जोडलेला मोबाइल नंबर चालू ठेवा.