एका फेरीत उचलता येईल एवढा उजेड

फोटो काढायला स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेल्या पहिल्याच लग्नात गाडीतून सामान आणायला मला चार फेऱ्या माराव्या लागल्या. स्टुडिओत वापरायचे दोन दिवे, दोन भलेमोठे सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारे कापडी डबे), जाडजूड स्टँड, विजेच्या वायरींची दोन वेटोळी आणि त्या वायरी जमिनीला चिकटवायला टेप. शेवटची फेरी संपेपर्यंत नवरीची तयारी अर्धी उरकली होती. तिचा पहिला फोटो मी धापा टाकत काढला.

विधी सुरू झाल्यावर एका आजींची खुर्ची नेमकी माझ्या सॉफ्टबॉक्सच्या मागे आली. त्या काही बोलल्या नाहीत. खुर्ची घेऊन बाजूला सरकल्या, तिथूनही दिसेना म्हणून शेवटी उभ्याच राहिल्या. व्हिडिओवाल्याच्या प्रत्येक लांबच्या शॉटमध्ये माझा पांढरा चौकोन येत होता आणि तो माझ्याकडे कसा बघत होता ते अजून आठवतं. घरी येऊन फोटो पाहिले तर उजेड छान होता, पण निम्म्या चेहऱ्यांवर 'आता चमकणार' अशी वाट पाहण्याचा भाव होता.

तेव्हापासून मी स्वतःला एक बंधन घालून घेतलं: एकटीने, एका फेरीत, जिना चढून नेता येईल तेवढंच सामान. दोन कॅमेरे अंगावर, एक पाठपिशवी, एका हातात स्टँडची लांब पिशवी. दुसरा हात दार उघडायला मोकळा हवा. पुढे जे काही विकत घेतलं, टाकलं किंवा कुणाला देऊन टाकलं, ते याच हिशेबाने.

कॅमेऱ्यावर बसणाऱ्या एवढ्याशा फ्लॅशने सभागृह कसं उजळणार, अशी शंका नव्या माणसाला येतेच. मलाही होती. ती आकडेमोड केल्यावर गेली, म्हणून इथे आकडेमोड करूनच दाखवते. फ्लॅशची ताकद गाइड नंबरमध्ये सांगतात. तो अपर्चरने (लेन्सचं छिद्र किती उघडं ते सांगणारा एफ-आकडा; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) भागला की फ्लॅश किती मीटरपर्यंत पोचेल ते कळतं. खोक्यावर ६० लिहिलेलं असतं, पण तो आकडा बहुतेक वेळा फ्लॅशचं डोकं २०० मिमीपर्यंत झूम करून, म्हणजे उजेडाचा अरुंद झोत करून मोजलेला असतो. ३५ मिमीवर तोच फ्लॅश साधारण ३६ देतो. (दोन फ्लॅशची तुलना करताना एकाच झूमवरचे आकडे समोरासमोर ठेवा, नाहीतर जाहिरात तुम्हाला गंडवणार.) ३६ ला ४ ने भागा: आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १०० आणि एफ/४ असेल तर पूर्ण ताकदीवर ९ मीटर. आता आयएसओ १६०० करा. १०० पासून १६०० म्हणजे चार स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणून तेच ९ मीटर तुम्हाला १/१६ ताकदीवर मिळतात. छतावर उजेड टाकून तो खाली घेतला तर दोन-तीन स्टॉप जातात, शिवाय अंतर धरताना फ्लॅश ते छत आणि छत ते चेहरा असा अख्खा प्रवास धरावा लागतो. तरी १/४ किंवा १/२ वर भागतं, आणि एफ/२.८ ची लेन्स असेल तर त्यातलाही एक स्टॉप वाचतो.

कमी ताकदीचे फायदे मला नंतर एकेक करून कळले. १/१६ वर फ्लॅश जवळजवळ लगेच पुन्हा तयार होतो, तापत नाही, सेल दिवसभर पुरतात. शिवाय समोरच्या माणसाचे डोळे दिपत नाहीत. त्यामुळे नवख्यांना माझा सल्ला असतो, की ताकद वाढवण्याआधी आयएसओ वाढवायची भीती घालवा. ३२०० वर थोडे दाणे दिसतात म्हणून आजवर एकाही जोडप्याने तक्रार केलेली नाही.

सॉफ्टबॉक्स सोडताना मात्र माझा जीव वर-खाली झाला होता. मऊ उजेड जाईल असं वाटत होतं. उजेडाचा मऊपणा ठरतो तो माणसाला तो स्रोत किती मोठा 'दिसतो' त्यावरून. ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून एका मीटरवर असेल तर सुंदर काम करतो. पण लग्नात तो एवढ्या जवळ ठेवूच देत नाहीत, आणि चार-पाच मीटरवर नेला की सावल्या जवळजवळ उघड्या फ्लॅशसारख्याच कडक पडतात. उलट, बाजूची पांढरी भिंत बघा. दोन मीटर रुंद, तीन मीटर उंच, वजन शून्य, आणि ती आधीच तिथे उभी आहे. फ्लॅशचं डोकं तिच्याकडे वळवलं की खिडकीतून यावा तसा एका बाजूने उजेड येतो. फ्लॅशला काळ्या फोमचा एक तुकडा रबरबँडने लावते, म्हणजे थेट उजेड शेजारच्या पाहुण्यांच्या डोळ्यांत जात नाही. माझ्या अख्ख्या सामानातली ही सगळ्यात स्वस्त वस्तू आहे आणि सगळ्यात जास्त वापरली जाणारीही.

भिंत दगा देते ती रंगाच्या बाबतीत. हिरवी भिंत चेहऱ्यावर हिरवी झाक टाकते, लाकडी छत सगळ्यांना पिवळट करून सोडतं. काळं किंवा आठ मीटर उंचीवरचं छत असेल तर उजेड वर जातो आणि परत येत नाही. म्हणून सभागृहात शिरल्यावर मी आधी मान वर करून बघते, सजावट नंतर.

छत-भिंतीचा उपयोग नसेल तिथे दुसरा फ्लॅश कोपऱ्यात उभा राहतो. खांबाआड, स्टँडवर अडीच-तीन मीटर उंच, डोकं थोडं झूम केलेलं. लांब ठेवण्यामागे फक्त लपवणं हा हेतू नाही. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. फ्लॅश पहिल्या रांगेपासून २ मीटरवर आणि मागच्या रांगेपासून ४ मीटरवर असेल तर मागचे लोक दोन स्टॉपने काळवंडतात. तोच फ्लॅश मागे नेला तर पुढची रांग ६ मीटरवर, मागची ८ वर, आणि फरक एका स्टॉपपेक्षाही कमी. मोठ्या गटफोटोत माणसं सारखी उजळतात आणि फ्लॅशही कुणाच्या पायात येत नाही.

हा दुसरा फ्लॅश कॅमेऱ्याशी बोलणार कसा, यात मी एकदा चांगलीच तोंडघशी पडले. सुरुवातीला पैसे वाचवायला मी फ्लॅशमधल्या ऑप्टिकल स्लेव्हवर काम चालवलं, म्हणजे कुठलाही फ्लॅश चमकला की तोही चमकतो. जोडपं आत आलं, पाहुण्यांनी आपापले कॅमेरे काढले आणि प्रत्येकाच्या फ्लॅशबरोबर माझा कोपऱ्यातला फ्लॅशही उडू लागला. मला हवा होता तेव्हा नेमका तो चार्ज होत बसलेला. दुसऱ्या दिवशीच रेडिओ ट्रिगर, म्हणजे कॅमेऱ्यावरून बिनतारी इशारा देऊन फ्लॅश उडवणारं यंत्र, मागवला. बहुतेक ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, वायफायही तिथेच नांदतं, म्हणून गर्दीच्या जागी अधूनमधून फ्लॅश उडत नाही. चॅनेल बदलून आधीच तपासून ठेवा. ट्रिगर आणि सगळे फ्लॅश एकाच प्रणालीतले घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांचे तुकडे जोडत बसलात तर ऐन वेळी मेनू चाळत बसाल.

लपवण्याच्या बारीकसारीक गोष्टी कुणी शिकवत नाही, त्या इथे एकत्र सांगते. फ्लॅशचा 'पीं' आवाज मेनूत जाऊन बंद करा. शांत क्षणी तो आवाज फ्लॅशच्या चमकेपेक्षा जास्त माना वळवतो. मागच्या लाल दिव्यावर काळ्या टेपचा तुकडा. स्टँड काळाच घ्या, चंदेरी फोटोत लगेच ओळखू येतो. मिटल्यावर अर्ध्या मीटरच्या आसपास होणारे हलके स्टँड पिशवीला बरे, पण ते लवकर कलंडतात. एक पाय वजन टाकायच्या दिशेला वळवा आणि त्यावर वाळूची किंवा पाण्याची पिशवी ठेवा. रिकामी पिशवी घेऊन जायची आणि तिथे भरायची, म्हणजे वजन वाहावं लागत नाही. आणि सगळं पाहुणे यायच्या आधी उभं करा. आल्यावर जे आधीपासूनच जागेवर असतं, त्याकडे लोक दहा मिनिटांनी बघत नाहीत. विधी चालू असताना स्टँड उचलून इकडून तिकडे नेणाऱ्या माणसाकडे सगळं सभागृह बघतं.

विधी करणाऱ्यांना आधी भेटून विचारणं यातच येतं. काही ठिकाणी फ्लॅश चालत नाही. तसं असेल तर फ्लॅश बंद, रुंद अपर्चरच्या लेन्स बाहेर, वाद घालायचा नाही.

व्हिडिओवाल्यांशीही बोला. फ्लॅशची चमक सेकंदाच्या अगदी लहान भागापुरती असते आणि बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, त्यामुळे त्यांच्या फ्रेमवर अर्धा भाग पांढरा आणि अर्धा नेहमीसारखा असा पट्टा उमटतो. महत्त्वाच्या दोन मिनिटांत असे वीस पट्टे टाकलेत तर त्यांचा राग रास्तच म्हणायचा. अशा वेळी त्यांच्या एलईडीच्या उजेडात काम भागवणं सोपं असतं.

तुम्ही स्वतः एलईडी घ्यावा का? एक छोटा, तळहाताएवढा, जरूर. अंगठी, पत्रिका, आरशासमोरची तयारी, अंधारात फोकस लागत नसेल तेव्हा. बऱ्याच मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांना फ्लॅशची लाल फोकस-मदत वापरता येत नाही, हे मला विकत घेतल्यावर कळलं. निवडताना सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या वर बघा आणि आर९ चा, म्हणजे गडद लाल रंगाचा, आकडाही शोधा. सीआरआयची सरासरी पहिल्या आठ रंगनमुन्यांवर काढतात, गडद लाल त्यात येतच नाही. आणि कातडीचा जिवंतपणा लाल रंगातच असतो. मोठा एलईडी मात्र मी नेत नाही. सतत तोंडावर जळणारा दिवा लोकांना डोळे बारीक करायला लावतो.

सभागृहातल्या एलईडी दिव्यांचं लुकलुकणं हा वेगळा ताप. ५० हर्ट्झच्या विजेवर ते सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, म्हणून १/५० किंवा १/१०० सेकंदाचं शटर सुरक्षित. ६० हर्ट्झच्या देशांत १/६० किंवा १/१२५. मंद केलेले सजावटीचे दिवे याही हिशेबात बसत नाहीत, तिथे दोन-चार फोटो काढून पट्टे येतात का ते बघायचं.

रंगाचं गणित थोडक्यात. फ्लॅशचा उजेड सुमारे ५५०० केल्विन (उजेडाच्या रंगछटेचं माप; आकडा कमी तितका उजेड पिवळा), पिवळ्या बल्बचा ३००० च्या आसपास. तसाच फ्लॅश मारला तर चेहरे निळसर-पांढरे आणि मागचं सभागृह नारिंगी. फ्लॅशवर नारिंगी सीटीओ जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावलं की दोन्ही जुळतात. अर्धं आणि पूर्ण अशी दोन्ही जेल जवळ ठेवा. त्याच्या जोडीला सभागृहाचा मूळ उजेड एक-दीड स्टॉपनेच कमी राहील असं शटर ठेवा, माझं बहुधा १/५० किंवा १/१०० असतं. मग फोटोत फ्लॅश मारलाय हे पटकन कळत नाही. फिरताना मी टीटीएल (कॅमेराच फ्लॅशची ताकद ठरवतो ती पद्धत) वापरते; पांढऱ्या पोशाखावर ते उजेड कमी देतं, काळ्या कोटावर जास्त, एवढं ध्यानात ठेवून अधूनमधून भरपाई करते. कोपऱ्यातला फ्लॅश कायम मॅन्युअल, म्हणजे ताकद मी स्वतः ठरवलेली.

भर उन्हातल्या फोटोंसाठी २०० वॅट-सेकंदांचा एक फ्लॅश हाताशी असलेला बरा. तो साध्या फ्लॅशपेक्षा साधारण दीड स्टॉप जास्त देतो. एफ/२.८ वर उन्हात शटर १/३२०० च्या घरात जातं, त्यासाठी लागणारं हाय-स्पीड सिंक (एवढ्या वेगवान शटरबरोबर फ्लॅश चालवायची सोय) ताकद खाऊन टाकतं. पण खरं सांगायचं तर दहातल्या आठ वेळा मी जोडप्याला सावलीत नेते.

सेलच्या बाबतीत कंजूषपणा नको. पेन्सिल सेलवर चालणारा फ्लॅश असेल तर रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड घ्या. त्यांचं व्होल्टेज १.२ असलं तरी ते वीज झपाट्याने सोडतात, म्हणून फ्लॅश साध्या अल्कलाइनपेक्षा लवकर तयार होतो. चार-चारचे संच करून त्यांवर क्रमांक टाका, एकातला दुसऱ्यात मिसळू नका. लिथियम बॅटरीवाला फ्लॅश जास्त सुखाचा, पण विमानाने जाताना सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात, आणि १०० वॅट-तासांपर्यंतच्या विनापरवानगी चालतात. व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणलं की आकडा मिळतो. ७.२ व्होल्ट, २.६ अँपिअर-तास म्हणजे १९ च्याही आत. काळजीचं कारण नाही. टोकांवर टेप मात्र लावा.

खरेदीचा क्रम विचाराल तर: आधी एक फ्लॅश आणि काळ्या फोमचा तुकडा, आणि यावरच निदान चार-पाच लग्नं. मग ट्रिगर, दुसरा फ्लॅश, एक स्टँड. मग जेल आणि छोटा एलईडी. उजेड मऊ करणारी, दुमडून हातभर होणारी पांढरी छत्री जागा उरली तर. तिसरा फ्लॅश मी घेतला तो बंद पडण्याची भीती म्हणून, आजवर तो पिशवीतच आहे.

आणि लग्नाआधी घरी सराव करा. मी रात्री भावाला खुर्चीत पुस्तक देऊन बसवलं. त्याच्या पाठीमागच्या कोपऱ्यात फ्लॅश, तोंड भिंतीकडे. १/४ ताकदीवर तो दर वेळी मान वर करत होता आणि मला शिव्या देत होता. आयएसओ वाढवत, ताकद कमी करत १/६४ पर्यंत आले तेव्हा तो वाचायला लागला. दहा-बारा फोटो झाल्यावर त्याने पान उलटलं आणि विचारलं, "ताई, सुरू कधी करणार आहेस?"