ओव्हन-इंडक्शन आणायच्या आधी त्याची लाईन ओढून घ्या: गावातल्या घरासाठी वायरिंग

आपल्याकडे खेड्यातही आता लग्नात ओटीजी (छोटा इलेक्ट्रिक ओव्हन) नाहीतर इंडक्शन येते, नवीन घर बांधणारे तर ओट्याचं ग्रॅनाइट कापून चार बर्नरचा इलेक्ट्रिक हॉब बसवून राहिले. चांगलंच आहे, पण वस्तू घरात आली की तिची जाड पिन आपल्या साध्या बोर्डात जात नाही, मग कोणीतरी दुकानातून कन्व्हर्टर आणते आणि टीव्हीच्या बोर्डात ती पिन बसवून देते. मी वायरिंगचीच कामं करतो, असे बोर्ड नेहमी उघडावे लागतात. वरून प्लेट फक्त पिवळी पडलेली दिसते, स्क्रू काढला की आतलं प्लास्टिक वितळून एका छिद्रावर आलेलं असते, पितळेची पट्टी काळीनिळी झालेली, आणि एक मासळीसारखा वास येते. हा वास बोर्डाजवळ कधी आला तर बाकी सगळं सोडून आधी मेन बंद करा.

एक गोष्ट आधीच सांगतो, हे वाचून स्वतः पक्कड घेऊन बसू नका. वायरिंगचं काम लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्यायचं, नियमही तोच आहे. पण तो काय टाकून राहिला, काऊन टाकून राहिला हे घरच्या माणसाला समजलं पाहिजे म्हणून हे सगळं लिहून राहिलो.

सुरुवात हिशेबापासून करा. वस्तूच्या मागे वॉट लिहिलेले असतात, त्याला २३० ने भागा, जे येईल ते अँपिअर. २००० वॉटचं इंडक्शन म्हणजे साधारण ८.७ अँपिअर, १५०० चा ओटीजी म्हणजे साडेसहा, आणि चार बर्नरचा ७००० वॉटचा हॉब पूर्ण चालला तर ३० च्या वर जाते. आपला पंखा-टीव्हीचा बोर्ड असते ६ अँपिअरचा, म्हणजे त्यात इंडक्शनही बसत नाही, हॉब तर लांबच राहिला. मग वीजबिल हातात घ्या आणि त्यावर मंजूर भार किती आहे ते पाहा. खेड्यात तो बहुतेक कमीच असते, हॉब बसवायचा असेल तर महावितरणकडे भार वाढवायचा अर्ज आधी करा, कारण मीटरपर्यंतची सर्विस वायर त्यांची, तिला आणि मीटरच्या सीलला आपण हात लावायचा नाही. मीटरपासून मेन स्विचपर्यंतची वायर मात्र आपली, आणि जुन्या घरात तीच पातळ असते, अ‍ॅल्युमिनियमची, किटकॅट म्हणजे चिनीमातीच्या जुन्या फ्यूजवाली. ती न बदलता पुढे कितीही चांगली लाईन ओढली तरी गरम तिथंच होणार.

व्होल्टेजचंही पाहून घ्या. संध्याकाळी गावठाण फीडरवर, म्हणजे गावातल्या घरांना वीज देणाऱ्या लाईनवर, लोड आला की व्होल्टेज १८० वर येते. हिटरवाल्या वस्तूची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते, म्हणजे २००० वॉटचा ओव्हन १८० व्होल्टला जेमतेम १२०० वॉटचा राहते, केक बसत नाही आणि लोक म्हणतात ओव्हन खराब निघाला. इंडक्शन तर एरर दाखवून बंदच पडते. तुमच्याकडे रोजच असं होत असेल तर मोठा हॉब घ्यायच्या आधी डीपीपासून, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून, घर किती लांब आहे याचाही विचार करा.

आता लाईन. ओव्हन-इंडक्शनची लाईन मेन बोर्डापासून वेगळी आणि सलग ओढायची, मधात कुठंच जोड नको, दुसऱ्या रूमच्या बोर्डातून उचललेली नको. एका १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि १६ चा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारं बटन. इंडक्शन आणि ओटीजी दोन्ही सोबत चालवता ना, तर दोन सॉकेट, दोन लाईनी, दोन एमसीबी. मोठ्या हॉबला ६ स्क्वेअर एमएम, ३२ चा एमसीबी, आणि ओट्याजवळ ३२ चा डीपी म्हणजे डबल पोल स्विच, हा स्विच फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परत नेणारी वायर) दोन्ही तोडते. न्यूट्रलची वायर फेजएवढीच जाड पाहिजे, पैसे वाचवायला ती पातळ टाकू देऊ नका. वायर आयएसआय मार्कचीच घ्या, लोकल कॉइलवर २.५ छापलेलं असते पण आत तांबं कमी भरते. आणि एमसीबी सारखा पडते म्हणून १६ काढून ३२ चा लावणारे लई आहेत. एमसीबी वायरला वाचवायसाठी असते, तो मोठा केला की आता वायरच जळेपर्यंत कोणी अडवणारं नाही.

अर्थिंग, म्हणजे बॉडीत उतरलेला करंट जमिनीत नेणारी वायर, नीट नसली तर जीव जाऊ शकते, म्हणून इथं जरा थांबा. बऱ्याच घरात तिसऱ्या पिनच्या छिद्रामागे काहीच जोडलेलं नसते. त्याच्याहून वाईट म्हणजे कोणी कोणी सॉकेटच्या आतच न्यूट्रलचा एक तुकडा अर्थच्या पिनला जोडून देते, टेस्टरवर सगळं बरोबर दिसते, पैसे घेऊन माणूस मोकळा. उद्या पोलावर न्यूट्रल तुटला किंवा काम करताना सर्विसची दोन टोकं उलटी लागली, की ओव्हनच्या पत्र्याच्या अख्ख्या बॉडीत करंट, आणि वहिनी ओल्या हातानं दार उघडून राहिल्या. म्हणून वायरमनला मेन बंद करून सॉकेट उघडून दाखवायला सांगा. हिरवी वायर सॉकेटपासून मेन बोर्डापर्यंत आणि तिथून बाहेर अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत जाते का, हे स्वतःच्या डोळ्यानं पाहा. नळाच्या पाइपाला बांधलेलं अर्थिंग चालत नाही, पाइप आता प्लास्टिकचे आहेत.

खड्डा भिंतीपासून कमीत कमी दीड मीटर दूर घ्यायचा. ४० एमएमचा, अडीच मीटर लांब, छिद्रं पाडलेला जीआय पाइप उभा गाडायचा, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी टाकायला नरसाळं, आणि तिथून मेनपर्यंत आठ नंबरची जीआय तार, नटबोल्टनं घट्ट. आपली काळी माती ओली असताना अर्थिंगला फार चांगली, पण एप्रिल-मे मध्ये तीच माती अशी फाटते की भेगेत हात जाते, पाइप आणि मातीमध्ये हवा राहते आणि अर्थिंग नावापुरतं उरते. म्हणून उन्हाळाभर आठवड्यातून एकदोनदा त्या नरसाळ्यात बादलीभर पाणी टाका. न्हाणीचं पाणी तिकडं काढून दिलं तरी काम होते.

तरी फक्त अर्थिंगवर भरवसा ठेवू नका. समजा अर्थिंगचा रेझिस्टन्स १० ओहम आहे, गावात इतका सहज असते. ओव्हनच्या बॉडीला फेज लागला तर २३ अँपिअर वाहतात, आणि २३ वर १६ चा एमसीबी लगेच पडत नाही, तासभरही टिकून राहू शकते, तेवढा वेळ बॉडी लाईव्हच. म्हणून ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी पाहिजेच पाहिजे. तो फेज-न्यूट्रलच्या करंटमधला फरक पकडून डोळ्याची पापणी लवायच्या आत लाईन तोडते. पण आरसीसीबी ओव्हरलोड पाहत नाही, ते एमसीबीचं काम, दोन्ही लागतात. त्यावर टी लिहिलेलं बटन असते, महिन्यातून एकदा दाबा, लाईन गेली पाहिजे. जुन्या घरात दोन खोल्यांचा न्यूट्रल एकत्र केलेला असला की तो विनाकारण पडते, तेव्हा आरसीसीबी काढू नका, न्यूट्रल वेगळे करून घ्या.

कामाच्या दिवशी मेन बंद केला की झालं असं नाही, घरी इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, नाहीतर मागून करंट येते. टेस्टर आधी चालू लाईनवर लावून पाहायचा, मग बंदवर. रंगाचा घोळ लक्षात ठेवा, आपल्या घराच्या वायरिंगमध्ये फेज लाल, पिवळा किंवा निळा आणि न्यूट्रल काळा, पण ओव्हनच्या केबलमध्ये फेज चॉकलेटी आणि न्यूट्रल निळा असते. निळा पाहून निळ्याला जोडला तर गडबड झालीच समजा. सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल.

सॉकेट सिंकपासून लांब ठेवा, आणि बटन हॉबच्या मागे नको, बाजूला पाहिजे, म्हणजे कढईतलं तेल पेटलं तर आगीवरून हात न्यावा लागत नाही. टिनाखालून वायर जात असेल तर ४५ डिग्रीच्या उन्हात ती तशीच तापलेली राहते, कमी अँपिअर सोसते, तिथं एक साइज जाड टाका. उघडी वायर उंदीर सोडत नाहीत, पाइपातून घ्या आणि पाइपाची तोंडं बंद करा.

सगळं झालं की ओव्हन अर्धा तास फुल चालवा, मग बटन बंद करून पिन काढा आणि प्लेटला, पिनच्या प्लास्टिकला हात लावून पाहा. कोमट चालते, चटका बसत असेल तर स्क्रू ढिला आहे. पंधरा दिवसांनी वायरमनला बोलवून सगळे स्क्रू परत एकदा कसून घ्या, नवीन तांबं दबून ढिलं होते. पावसाळाभर बंद ठेवलेला ओटीजी लावल्याबरोबर आरसीसीबी पाडते, कारण त्याच्या एलिमेंटमध्ये ओल धरते. अशा वेळी थ्री-पिनचा अर्थ तोडून चालवू नका, दुकानात नेऊन एलिमेंट तपासून घ्या. आणि विजा कडकडायला लागण्याच्या आधीच इंडक्शनची पिन काढून ठेवा.