चरबीचं ताट ग्रिलमधल्या फरशीला टेकवू नका
सिरॅमिक ग्रिलमध्ये, म्हणजे जाड सिरॅमिकच्या झाकणवाल्या कोळशाच्या शेगडीत, खान्देशी काळा मसाला चोळलेली अख्खी कोंबडी भाजताय? मग चरबी झेलणारं ताट नीट बसवा. खाली निखारे, त्यावर उष्णता अडवणारी सिरॅमिकची फरशी, तिच्यावर ताट, वर जाळी. पण ताट फरशीला टेकता कामा नये! फरशी इतकी तापते की चरबी पडल्या पडल्या चरचरून करपते आणि तो कडवट धूर कोंबडीला लागतो. मसाल्याची सगळी मेहनत वाया. फॉइलचे तीन-चार बोळे ताटाखाली ठेवा, बोटभर फट पुरते. ताट कोंबडीपेक्षा मोठं, पण फरशीपेक्षा लहान हवं, म्हणजे कडेने गरम हवा वर चढते. जळगावकडची भरताची वांगी भाजायची असतील, तर मात्र ताट आणि फरशी दोन्ही काढा. त्यांना थेट आचच हवी.