पबमधलं जुनं फ्रूट मशीन घरी आणायचंय? आधी त्याचं दार उघडून बघा

ब्रिटनच्या पबांत एका कोपऱ्यात दिवे लुकलुकवत उभं असलेलं, नाणी टाकून खेळायचं, चेरी-लिंबं-घंटांची चित्रं फिरवणारं जुगाराचं यंत्र तिथे राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं असतं. १९६० च्या बेटिंग अँड गेमिंग कायद्यानंतर ही फ्रूट मशीन्स तिथे पसरली. पब जुनं यंत्र काढून नवं बसवत राहतात, त्यामुळे वापरलेली यंत्रं बाजारात येत असतात आणि चालू स्थितीतलं यंत्र काही शे पौंडांत मिळून जातं. पण फोटोत सगळीच छान दिसतात. खरा सौदा दाराच्या आत असतो.

कोणत्या काळातलं हवं ते ठरवा

काचेवर छापलेला जॅकपॉट हा यंत्राचा जन्मदाखला समजा. १०० पौंड लिहिलं असेल तर ते २०१४ नंतरचं, ७० पौंड असेल तर २००९ नंतरचं. ३५, २५ आणि त्याहून खालचे आकडे त्याआधीचे. घरासाठी माझी पसंती १९८० च्या दशकाच्या शेवटापासून १९९० च्या दशकापर्यंतच्या यंत्रांना. त्यांत खरी रीळं असतात, खरे बल्ब असतात, आणि बिघडलंच तर दुरुस्त करणारे हौशी लोक भेटतात. जाहिरातीत फक्त खेळाचं नाव असेल तर आत कोणता बोर्ड, म्हणजे यंत्र चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग, आहे ते विचारा. बारक्रेस्टचा एमपीयू ४, जेपीएमचा इम्पॅक्ट, मेगेचा एम१ए, बेल-फ्रूटचा स्कॉर्पिअन ही नेहमी कानावर येणारी नावं. विकणाऱ्याला बोर्डाचं नाव सांगता आलं, तर माणूस जाणकार आहे असं धरायला हरकत नाही. अलीकडची टचस्क्रीनवाली यंत्रं मात्र टाळा. ती मुळात संगणक असतात, आणि बंद पडली की घरी काही करता येत नाही.

नाण्यांचं कोडं

इथे बरेच जण फसतात. १२ बाजूंचा नवा एक पौंड २८ मार्च २०१७ रोजी आला आणि जुना गोल पौंड त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला चलनातून गेला. त्याआधीचं यंत्र नवं नाणं ओळखत नाही, ते सरळ खालच्या खोबणीत परत टाकतं. त्याही मागे गेलात तर ५ पेन्सचं नाणं १९९० मध्ये, १० पेन्सचं १९९२ मध्ये आणि ५० पेन्सचं १९९७ मध्ये लहान झालं, त्यामुळे फार जुनं यंत्र आजच्या सुट्ट्या पैशांनाही दाद देत नाही. काही जुनी यंत्रं तर मोठं बक्षीस टोकनमध्ये द्यायची. ती टोकनं बरोबर मिळणार का, हे आधीच विचारा.

यावर उपाय दोन. नव्या नाण्यांसाठी प्रोग्राम केलेलं कॉइन मेक, म्हणजे नाणी पारखणारा भाग, बदलून घ्यायचा. नाहीतर गोल पौंडांची एक पिशवी यंत्रासाठीच राखून ठेवायची. घरच्या खेळाला दुसरा उपाय पुरतो. पैसे तुमचेच आणि तुमच्याच घरात फिरणार.

प्रत्यक्ष जाऊन दार उघडायला लावा

प्लग काढलेला असताना टॉर्च घेऊन आत बघा. मुख्य बोर्डावर एक छोटी बॅटरी असते, एमपीयू ४ सारख्या बोर्डांवर निकेल-कॅडमियमची, ३.६ व्होल्टची. यंत्र वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये पडून असेल तर ही बॅटरी गळते. तिच्याभोवती पांढरट-हिरवट भुकटी दिसली, आसपासच्या तांब्याच्या रेषा काळवंडलेल्या असल्या किंवा चिपच्या पायांवर बुरशीसारखा थर चढलेला असला, तर समजा की बोर्ड खाल्ला जातोय. डाग बॅटरीपुरताच असेल तर बॅटरी कापून काढायची, ती जागा व्हिनेगरने पुसून मग स्वच्छ करायची, आणि यंत्र वाचू शकतं. थर चिपच्या सॉकेटपर्यंत पोचला असेल तर एक तर किंमत निम्म्यावर आणा, नाहीतर नमस्कार करून निघा. 'फ्यूज गेलाय, बाकी सगळं ठीक आहे' हे वाक्य विकणाऱ्याकडून कानावर आलं तर जास्त बारकाईने बघा. फ्यूजच गेला असता तर त्याने तो बदलला नसता का?

मग काच. वरच्या आणि खालच्या काचेवरची चित्रं आतल्या बाजूने छापलेली असतात. रंगाचे पोपडे निघाले असतील किंवा तडा गेला असेल, तर तशीच काच पुन्हा मिळणं महाकठीण. बल्ब गेलेले असणं ही क्षुल्लक गोष्ट आहे. बहुतेक यंत्रांत गाडीच्या साइडलाइटसारखे १२ व्होल्टचे बिनटोपीचे बल्ब असतात, आणि ते स्वस्तात मिळतात. त्यांच्या जागी एलईडी बसवण्याची घाई नको. यंत्र बल्ब सतत पेटवत नाही, भराभर आळीपाळीने पेटवतं. त्यामुळे एलईडी मधेच अर्धवट उजळत राहतात.

किल्ल्या मोजून घ्या. दाराची, पैशांच्या पेटीची आणि रिफिलची. रिफिलची किल्ली फिरवून नाणी भरली तरच यंत्र ती भरणा म्हणून मोजतं, खेळातली कमाई म्हणून नाही. किल्ली नसली तर कुलूप ड्रिलने फोडावं लागतं.

चालू करून खेळून बघा

आता प्लग लावून यंत्र सुरू करा. रीळं सुरुवातीला फिरून आपापल्या जागी थांबायला हवीत. एखादं धडपडत राहिलं, तर त्याचा सेन्सर धुळीने माखलेला असू शकतो, म्हणजे फार मोठी गोष्ट नाही. दाराच्या आत टेस्टचं बटण असतं. त्याने दिवे, रीळं, आवाज एकेक करून तपासता येतात. मग खरी नाणी टाका आणि जिंकेपर्यंत खेळा, कारण हॉपर, म्हणजे आतलं नाण्यांचं भांडं, नाणी मोजून बाहेर टाकतो की नाही हे तेव्हाच कळतं. फक्त दिवे लावून दाखवणाऱ्याकडून घेऊ नका.

लागोपाठ हरलात तर यंत्राला दोष देऊ नका. जुनी ब्रिटिश फ्रूट मशीन्स आत किती आलं आणि बाहेर किती गेलं याचा हिशेब ठेवतात, आणि परताव्याची ठरलेली टक्केवारी गाठण्यासाठी कधी सढळ होतात, कधी चिक्कू. पुढचा आकडा 'वर की खाली' असा पर्याय समोर येतो, आणि कधीकधी दोन्ही बटणं हरवणारीच असतात. नंतरच्या काही यंत्रांवर तशी सूचनाच छापलेली असते. पबमध्ये हे चीड आणणारं, घरात मात्र त्याचीच मजा. टक्केवारी काही यंत्रांत बोर्डावरच्या छोट्या प्लगने, काहींत बारीक स्विचांनी ठरते. ती कुठे आहे ते विकणाऱ्याकडून समजून घ्या, जमलं तर मॅन्युअलची प्रतही मागा.

परवाना आणि वाहतूक

ब्रिटनमध्ये घरच्या करमणुकीसाठी यंत्र ठेवायला तुम्हाला परवाना लागत नाही. विकणाऱ्याकडे मात्र गॅम्ब्लिंग कमिशनचा, म्हणजे तिथल्या जुगारावर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेचा, परवाना किंवा एका यंत्रापुरतं परमिट असायला हवं. तेच यंत्र तुमच्या दुकानात किंवा मंडळाच्या गणेशोत्सवात निधीसाठी मांडलंत, तर तो २००५ च्या गॅम्ब्लिंग कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. भारतात परतताना घरसामानात घालून न्यायचा मोह होईल, कारण वीज दोन्हीकडे २३० व्होल्टचीच. पण कस्टम्स आणि महाराष्ट्राचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा यांची माहिती काढल्याशिवाय कंटेनरमध्ये चढवू नका.

यंत्र माणसाएवढं उंच आणि शंभर किलोच्या घरात वजनाचं असतं. घराचं दार मोजा, आणि बोळातलं वळण त्याहून आधी मोजा. हॉपरमधली नाणी आणि पैशांची पेटी काढून घ्या, काच गोधडीत गुंडाळून वेगळी न्या, आणि यंत्र उभंच ठेवा. दोन माणसं आणि ट्रॉली हवीच. माळ्यावर चढवायचा विचार सोडून द्या.

घरी आल्यावर बोर्डाची बॅटरी बदलून टाका, ती गळलेली नसली तरी. रात्री यंत्र मेन स्विचवर बंद करा. पुढेमागे कंटाळा येऊन विकायची वेळ आली, तर विक्रेते तुम्ही असता. म्हणजे एका यंत्राच्या परमिटचा अर्ज तेव्हा तुम्हाला करायचा असतो, आणि तोही जाहिरात टाकायच्या आधी.