दोन सेन्सर बदलले, दोष कनेक्टरमध्ये होता

रिव्हर्स टाकला की एक लांब बीप, मग सगळं गप्प. स्कॅनरवर मागच्या बंपरमधल्या डाव्या आतल्या पार्किंग सेन्सरचा कोड : सर्किट ओपन, म्हणजे विजेची वाट कुठेतरी तुटलेली. मी शिकाऊ होतो. कोड वाचला आणि सरळ सेन्सर बदलला. गाडी बरी होऊन गेली, पाऊस पडला आणि परत आली. दुसरा नवा सेन्सर लावला. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला गाडीमालक काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत उभा राहिला. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

कोडमध्ये 'सर्किट' म्हटलंय, आणि सर्किटात सेन्सर, कनेक्टर, बंपरचं हार्नेस म्हणजे वायरींचा जुडगा, सेन्सर चालवणारं मॉड्यूल असं सगळंच येतं. हे तुम्हाला ठाऊक आहे. मलाही होतं. मीटरही लावला होता! कनेक्टर काढून पिनांवर टोकं टेकवली, व्होल्टेज चोख आलं, म्हणून वायरिंगला क्लीन चिट दिली.

फसलो ते इथेच. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण 10 मेगाओहम असतो, म्हणजे तो करंट जवळपास ओढतच नाही. पिनेवर कळंक चढून वाटेत दोनशे ओहमचा अडथळा झाला असला, तरी मीटरला तो जाणवत नाही. सेन्सर जोडून त्याने करंट मागितला की मात्र व्होल्टेज बसतं. म्हणून कनेक्टर जोडलेलाच ठेवा, रिव्हर्स टाका आणि मागच्या बाजूने, वायरीलगत बारीक प्रोब सरकवून मोजा. आधी पुरवठा ते ग्राउंड. मग सेन्सरची ग्राउंड पिन ते बॅटरीचं निगेटिव्ह, इथे 0.1 व्होल्टच्या फार वर आकडा गेला तर ग्राउंडच्या वाटेत खोट आहे. आणि लोड द्यायचा म्हणून तिथे बल्ब लावू नका. हा पुरवठा बहुतेकदा मॉड्यूलमधून येतो, कित्येक गाड्यांत 12 नव्हे तर 8 व्होल्टच्या आसपास असतो. मॉड्यूल जळालं तर सेन्सर स्वस्त वाटेल.

शेजारचा सेन्सर अदलाबदल करून बघण्याची युक्ती सगळे सांगतात. वाईट नाही, पण तिच्या भरवशावर राहणाऱ्यांचं मला नवल वाटतं. कनेक्टर काढला-घातला की पिना घासल्या जातात आणि दोष तात्पुरता पळतो. माझं तेच झालं होतं : दर वेळी बंपर उतरवताना त्याच्या हार्नेसचा मुख्य कनेक्टर मी सोडवत होतो, आणि हिरवी पडलेली पिन त्यातच होती.

सुरुवातीला बोटाने तपासा. चालू सेन्सरवर बोट ठेवलं की बारीक टिकटिक लागते. मुका असेल तो लगेच कळतो. सेन्सरवरचा रंगाचा जाड थर वगैरे नंतर बघा.

घाबरू नका, एका सेन्सरला वायरी बहुधा तीनच असतात. मी ती पिन बदलली, नुसता स्प्रे मारून भागवलं नाही. काढलेले दोन्ही सेन्सर अजून माझ्या पेटीत आहेत. दोन्ही चालतात.