निदान होईपर्यंतचा थकवा : या चुका टाळा

हिमोग्लोबिन ८.४. सहा महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या, आकडा जागचा हलेना. जिन्यात मध्येच बसायची वेळ आली तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "गहू सोड गं, भाकरी खा." सोडला, महिनाभरात बरं वाटलं. माझी सगळ्यात मोठी चूक हीच.

पुढच्या डॉक्टरांना सीलिअ‍ॅकचा संशय आला. या आजारात गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते. त्याची टीटीजी रक्ततपासणी (या आजाराच्या अँटिबॉडी मोजणारी) आणि आतड्याची बायोप्सी गहू पोटात जात असतानाच करायची असते. गहू सुटला की अँटिबॉडी उतरतात, आतडं भरून येऊ लागतं आणि आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. मग काय, पुन्हा सहा आठवडे, दिवसातून दोनदा पोळी! त्या दिवसांबद्दल न बोललेलं बरं.

बी-१२चं इंजेक्शन आधी आणि तपासणी नंतर, हे तर आपल्याकडे सर्रास चालतं. मग रिपोर्टात आकडा फुगलेला दिसतो आणि मूळ कमतरता झाकली जाते. केसांसाठीच्या गोळ्यांतल्या बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडेही चुकू शकतात. ते तपासणीच्या किमान दोन दिवस आधी थांबवतात. डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

"सगळं नॉर्मल आहे" ऐकून मी दोनदा घरी आले. सगळं म्हणजे काय काय तपासलं, हे विचारायला हवं होतं. हिमोग्लोबिन १२च्या वर असूनही फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा, तळाला गेलेलं असू शकतं.

नुसतं "थकवा येतो" म्हटलं की "आराम करा" हेच उत्तर मिळतं. "कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत ओट्याशी उभं राहवत नाही" म्हटल्यावर डॉक्टरांनी मान वर केली. तेव्हापासून एका कागदावर लिहून नेते: कधीपासून, काय जमत नाही, कोणती औषधं झाली. रिपोर्टची फाइल तारखेनुसार लावलेली.

वजन आपोआप घटतंय, रात्री ताप येतो, शी काळी होते, बसल्या जागी धाप लागते, यातलं काही असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

आणि ओपीडीच्या दिवशी घरची कामं करून निघायचा हट्ट नको. केसपेपरच्या रांगेत भावाला उभं करा, डबा बाहेरून मागवा. मी एकदा चार माणसांचा स्वयंपाक उरकून गेले आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं होतं तेच आठवेना.