टेरी टॉवेलवरचा टाका लूपमध्ये बुडू नये म्हणून

टेक्स्टाइल डिझाइनच्या सुरुवातीच्या वर्गांत भरतकामाचे नमुने सहसा सपाट सुती कापडावर होतात. तोच हात सोलापुरी टेरी टॉवेलवर, म्हणजे धाग्याचे छोटे उभे फास (लूप) असलेल्या टॉवेलवर, गेला की नक्षी दिसेनाशी होते. दोष बहुतेकदा हाताचा नसतो, कापडाची रचना लक्षात न घेतल्याचा असतो.

टेरीत ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन संच असतात: जमिनीचा, म्हणजे खालच्या पायाच्या विणीचा, घट्ट; लूपचा सैल. नेहमीच्या तीन पिकांच्या (पिक म्हणजे एक आडवा धागा) टेरीत पहिले दोन आडवे धागे थोडं अंतर राखून टाकतात आणि तिसऱ्याबरोबर मागाची फणी तिन्ही एकदम पुढे ठोकते. तेव्हा सैल ताणा वर उचलला जाऊन लूप होतो. म्हणजे टाक्याला पकड मिळते ती खालच्या जमिनीत, आणि दिसायचं असतं लूपच्या वर. पुढची सगळी तयारी या एका अडचणीसाठी आहे.

आधी कापड पारखा. 10 × 10 सेंमीचा तुकडा कापून वजन करा. ग्रॅमच्या आकड्याला 100 ने गुणलं की जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, मिळतो. 5 ग्रॅम म्हणजे 500. शिकताना 400च्या आसपासचा, आखूड लूपचा टॉवेल घ्या. मग त्यावर 20 सेंमीची रेघ आखून धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. 19 सेंमी भरली तर 5 टक्के आटला. न धुतलेल्या टॉवेलवर पॉलिस्टर धाग्याने भरलं, तर पहिल्या धुण्यात कापड आटतं, धागा आटत नाही आणि नक्षीभोवती चुण्या पडतात.

कार्बन पेपरने नक्षी उतरवू नका, लूपवर रेघ तुटक येते. पाण्यात विरघळणाऱ्या फिल्मवर नक्षी काढा आणि ती वरून टाचा. हीच फिल्म लूप दाबूनही धरते. काम झाल्यावर कडेची फिल्म फाडून काढा, उरलेली पाण्यात जाते.

हातकामाला सहापदरी धाग्यातले तीन पदर घ्या, लांबी 45 सेंमीच्या आत. त्याहून लांब धागा लूपमधून ओढताना पिंजतो. साखळी टाका टेरीवर उत्तम उठतो, धावदोरा जवळपास दिसतच नाही. भरीव टाका घालायचा असेल तर आधी कडेने साखळी घाला, आत आडवे टाके भरा आणि मग त्यावर उलट्या दिशेने भरा. हा खालचा थर गाळू नका. तो नसेल तर धुतल्यावर लूप टाक्यांतून डोकं काढतात.

मशीनवर टॉवेल रिंगमध्ये आवळू नका. लूप चेपतात, शिवाय ताणलेलं कापड सोडल्यावर नक्षी आकसते. रिंगमध्ये फक्त टॉवेलखालचं आधाराचं अस्तर ताणा आणि टॉवेल त्यावर टाचून घ्या. 40 नंबरच्या धाग्याला 75/11 नंबरची सुई चालते, जाड टॉवेलला 90/14 घ्या. अक्षरांच्या भरीव रेघेचा पट्टा 2 मिमीपेक्षा बारीक नको, 7 मिमीपेक्षा रुंदही नको: बारीक बुडतो, रुंद नखात अडकतो. नक्षीखाली टॉवेलच्याच रंगाच्या धाग्याने विरळ टाक्यांचा थर द्यावा. फिल्म धुऊन जाते, हा थर मात्र लूप कायम दाबून ठेवतो.

बारीक नक्षीसाठी टॉवेलची सपाट विणलेली पट्टी वापरा. सोलापुरी चादरीवर मात्र भरतकामाचा मोह टाळलेला बरा. जकार्डची (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची) नक्षी तिच्या विणीतच असते. वरून टाके घातले की दोन्ही बाजूंनी वापरायच्या चादरीची उलटी बाजू बिघडते.

काम करताना लूप ओढला गेला तर ओढून तोडू नका, शेजारच्या ओळीतले लूपही आखूड होतात. बाहेर आलेला भाग कात्रीने बाकीच्या लूपच्या उंचीला कापा. वीण उसवत नाही.

फाइलमध्ये प्रत्येक नमुन्याचे दोन तुकडे लावा, एक कोरा आणि एक तीनदा धुतलेला. शेजारी जीएसएम, पदर, सुई आणि फिल्म होती की नव्हती हे लिहा. नमुना फक्त वरच्या कडेने चिकटवा, म्हणजे उचलून मागची बाजू बघता येते. गाठी आणि धाग्याच्या उड्या (एका जागेवरून दुसरीकडे मागून नेलेले धागे) तिथेच दिसतात.